स्लाव्ह भाषांमधला 'काळा': चोर्नी, चार्नी, त्स्र्न या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात बरीच वर्षं रशियन शिकवतो, आणि शेजारच्या पोलिश, चेक, सर्बियन या भाषांशीही रोजचा संबंध येतो. विद्यार्थी, त्यांचे पालक आणि अधूनमधून अनोळखी वाचकही एकाच विशेषणाबद्दल पुन्हा पुन्हा विचारतात: स्लाव्ह भाषांमधला 'काळा'. कुणी चेर्नोबिलवरून येतं, कुणी मॉन्टेनिग्रोवरून, कुणी 'रशियन ही संस्कृतचीच मुलगी' असा फिरता संदेश वाचून. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, त्यामुळे एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही.

१. हा नेमका कोणता शब्द आणि तो कोणकोणत्या भाषांमध्ये आहे?

सगळ्या स्लाव्ह भाषांमध्ये. रशियन, युक्रेनियन आणि बेलारूसी भाषांत 'चोर्नी', पोलिशमध्ये 'चार्नी', चेकमध्ये 'चेर्नी', स्लोव्हाकमध्ये 'चिएर्नी'. जर्मनीच्या पूर्वेकडे सोर्बियन नावाच्या दोन लहान स्लाव्ह भाषा आहेत. त्यांतल्या उत्तरेकडच्या लोअर सोर्बियनमध्ये 'त्सार्नी' आणि दक्षिणेकडच्या अप्पर सोर्बियनमध्ये 'चोर्नी'. स्लोव्हेनियनमध्ये 'चर्न', क्रोएशियन, सर्बियन, बोस्नियन आणि मॅसेडोनियनमध्ये 'त्स्र्न', बल्गेरियनमध्ये 'चेरेन'. अर्थ सगळीकडे एकच: काळा. भाषा बदलली की बदलतो तो मधला स्वर, आणि कधीकधी सुरुवातीचा च.

हजार-दीड हजार वर्षांपूर्वी हे सगळे लोक जवळजवळ एकच भाषा बोलत होते. त्या मूळ स्लाव्ह भाषेत 'चिर्नु'सारखा उच्चार होता, पण त्यातला 'इ' इतका आखूड होता की पुढे प्रत्येक भाषेने त्याचं आपल्या मनाने काहीतरी केलं. पोलिशने 'आ' केला, चेकने 'ए', रशियनने आधी 'ए' आणि मग 'ओ'. दक्षिणेकडे सर्बियन, क्रोएशियन आणि मॅसेडोनियन बोलणाऱ्यांनी तो पूर्ण गिळला आणि र्‌लाच स्वर बनवलं.

२. 'त्स्र्न' कसं म्हणायचं? यात एकही स्वर नाही!

मराठी माणसाला हे इतरांपेक्षा सोपं आहे, आणि वर्गात हे सांगताना मला खरंच आनंद होतो. आपल्याकडे च दोन आहेत. 'चंद्र' आणि 'चिमणी' यांतला एक, 'चोर' आणि 'चमचा' यांतला दुसरा. रशियन 'चोर्नी'चा च साधारण चंद्रातला. सर्बियन 'त्स्र्न'चा आरंभ चोरातल्या च सारखा. हिंदी भाषकाला हा दुसरा च वेगळा शिकावा लागतो, आपण तो आईच्या तोंडून ऐकलेला असतो.

राहिला स्वर. तिथे र्‌ हाच स्वर आहे, आणि त्यावर शब्दाचा आघातही, म्हणजे उच्चारातला जोरही, पडतो. संस्कृतात याच गोष्टीसाठी ऋ हे स्वतंत्र अक्षर आहे. आपण आज 'ऋ'चा उच्चार 'रु' करतो, उत्तरेकडे 'रि' करतात, पण मुळात तो शुद्ध स्वर होता. 'त्स्र्न' नीट ऐकलं तर प्राचीन ऋ कसा वाजत असेल याचा अंदाज येतो.

३. रशियनमध्ये 'चोर्नी' म्हणतात, मग 'चेर्नोबिल' का? 'चोर्नोबिल' का नाही?

रशियनमध्ये हा 'ओ' फक्त आघाताखाली येतो. 'चोर्नी'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर आहे म्हणून 'चो'. आघात पुढे सरकला की जुना 'ए' परत येतो: 'चेर्निला' म्हणजे शाई, 'चेर्नोविक' म्हणजे कच्चा खर्डा. 'चेर्नोबिल'मध्ये आघात 'नो'वर आहे. युक्रेनियनमध्ये मात्र ते गाव 'चोर्नोबिल'च आहे, आणि गाव युक्रेनमधलं असल्यामुळे तिकडचे लोक हल्ली तोच उच्चार वापरा असं आग्रहाने सांगतात. मराठी वर्तमानपत्रांत १९८६ पासून रशियन रूप रुजलं आहे.

४. हा शब्द आणि 'कृष्ण' एकच, हे खरं आहे का?

हो, आणि यात ओढूनताणून काही नाही. दोन्ही शब्द एकाच पूर्वजाचे वंशज आहेत. अभ्यासक तो पूर्वज 'कृस्नोस'सारखा मांडतात, आणि त्याचा अर्थ काळा. संस्कृतात 'कृष्ण' हे आधी साधं विशेषण होतं. नवग्रह पूजेत सूर्याचा मंत्र म्हणतात, 'आ कृष्णेन रजसा वर्तमानो'. ऋग्वेदातल्या या ऋचेत कृष्ण नावाचा देव नाही. काळोख्या अवकाशातून येणाऱ्या सवित्याचं ते वर्णन आहे. तिथे 'कृष्ण' म्हणजे फक्त काळा.

नातं सिद्ध करणारा तिसरा साक्षीदारही आहे. बाल्टिक समुद्राच्या काठी प्राचीन प्रशियन नावाची भाषा होती, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ती संपली. तिची सुमारे ८०० शब्दांची एक जुनी जर्मन-प्रशियन यादी उरली आहे. तीत काळ्यासाठी 'किर्स्नान' हा शब्द आहे. मूळचा क तसाच, स तसाच. एका बाजूला कृष्ण, दुसऱ्या बाजूला चोर्नी, आणि मध्ये हा किर्स्नान.

५. पण 'क'चा 'च' कसा झाला? आणि 'ष' कुठे गेला?

क-च ची अदलाबदल संस्कृत शिकलेल्यांना नवी नाही. 'कृ' धातूचं भूतकाळी रूप 'चकार' होतं. द्वित्वात, म्हणजे धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं तेव्हा, आधीच्या क चा च होतो, आणि पाणिनीने त्यासाठी 'कुहोश्चुः' हे सूत्र दिलं. त्यामागचं कारण असं की त्या जागी पूर्वी 'ए'सारखा स्वर होता, आणि 'इ', 'ए' उच्चारताना जीभ टाळूकडे सरकते व क ला ओढून च करते. स्लाव्ह लोकांच्या तोंडी नेमकं हेच घडलं, फक्त स्वतंत्रपणे आणि बऱ्याच शतकांनंतर. 'कृ'चा तिथे 'किर्' झाला, आणि मग 'चिर्'.

स ची गोष्ट आणखी सुंदर आहे. संस्कृतात र, उ, क, इ यांच्या पुढचा स मूर्धन्य ष होतो. म्हणून 'सेनासु' पण 'गुरुषु'. स्लाव्ह भाषांमध्ये त्याच चार ध्वनींपुढचा स 'ख' झाला. संस्कृतात 'मुलग्यांमध्ये'ला 'सूनुषु' म्हणतात, प्राचीन चर्च स्लाव्होनिक या सर्वात जुन्या लिखित स्लाव्ह भाषेत 'सिनुखु'. ष जिथे, ख तिथे. आपल्या शब्दातही र्‌ नंतर असा एक ख होता असं मानतात: 'चिर्ख्नु'. पुढे न च्या आधी तो गळला. म्हणून चोर्नीमध्ये आज ष ची खूण दिसत नाही.

६. मग रशियन भाषा संस्कृतातूनच निघाली ना?

नाही. हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि विचारणाऱ्यांच्या मनात प्रेमच असतं, म्हणून मी नीट उत्तर देतो.

चुलत भावंडांचे चेहरे मिळतात, कारण त्यांचे आजोबा एक असतात. त्यामुळे एक भाऊ दुसऱ्याचा बाप ठरत नाही. प्रश्न ४ मधला 'किर्स्नान' इथेही कामाला येतो. हा शब्द संस्कृतातून गेला असता तर तो ष आणि ण घेऊन गेला असता. प्रशियनमध्ये मूळचा स शाबूत आहे, जो संस्कृतात ऋग्वेदाच्या वेळीच ष झाला होता. म्हणजे या बाबतीत ती एका पायरीने जुनी आहे. संस्कृतची थोरवी यामुळे कमी होत नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा असं मांडलं, आणि पुढे तुलनात्मक भाषाशास्त्र उभं राहिलं ते मोठ्या प्रमाणात संस्कृतच्या आधाराने.

अशी भावंडं बरीच आहेत. नव आणि 'नोव्ही', जीव आणि 'झिवोय' (जिवंत), पूर्ण आणि 'पोल्नी', तनु आणि 'तोन्की' (पातळ), श्वेत आणि 'स्वेत' (प्रकाश). शुष्क आणि 'सुखोय' यांचं नातं महाराष्ट्राला जवळचं आहे. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात सुखोई विमानं बांधली गेली. ती ज्यांच्या नावाची आहेत त्या पावेल सुखोय यांच्या आडनावाचा अर्थ 'कोरडा', म्हणजे शुष्क.

७. आपण मराठीत काळ्या रंगाला कृष्ण म्हणत नाही. मग हा शब्द आपल्याकडून गेला कुठे?

माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हाच आहे. शब्द आपल्याकडे होता, पण तो वर चढला. देवाचं नाव झाला, महाबळेश्वरला उगवणाऱ्या नदीचं नाव झाला, वद्य पंधरवड्याला कृष्णपक्ष झाला. बोलीत तो प्राकृताच्या वाटेने 'कण्ह' आणि मग 'कान्हा', 'कान्होबा' झाला, आणि त्यातला रंग विरून गेला. कान्हा म्हणताना 'काळ्या' असं कुणाच्या मनात येत नाही. रंगाचं रोजचं काम 'काल' या दुसऱ्या शब्दापासून आलेल्या 'काळा'ने उचललं.

स्लाव्ह घरांमध्ये तोच शब्द अजून जमिनीवर आहे. पाव, कांदा, शाई, धुरकटलेली भिंत, मागचं दार, या सगळ्याला तो लागतो. आपण ज्याला देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं, तो त्यांच्याकडे स्वयंपाकघरात राबतो आहे. रशियन माणूस कृष्णाला 'क्रिश्ना' म्हणतो, आणि त्यालाही त्यात 'चोर्नी' ऐकू येत नाही.

८. मॉन्टेनिग्रो या देशाचं नाव स्लाव्ह का नाही?

आहे. देशाचं स्वतःचं नाव 'त्स्र्ना गोरा', काळा डोंगर. व्हेनिसच्या लोकांनी ते आपल्या बोलीत भाषांतरून 'मोन्ते नेग्रो' केलं आणि पश्चिम युरोपाने ते उचललं. बाकीच्या शेजाऱ्यांनीही भाषांतरच केलं: तुर्कीत 'काराडा', रशियनमध्ये 'चेर्नोगोरिया', पोलिशमध्ये 'चार्नोगुरा'. नाव लोव्हचेन पर्वताशी जोडलं जातं. तो १,७४९ मीटर उंच आहे, आणि त्याच्या दाट अरण्याची छाया दुरून काळी दिसे. त्यात 'गोरा' या शब्दाचा दुहेरी अर्थही आहे. सर्बियनमध्ये तो डोंगर, बल्गेरियनमध्ये तोच शब्द जंगल. २००६ मध्ये सार्वमत घेऊन हा देश सर्बियापासून वेगळा झाला.

आता जरा जवळ या. 'गोरा' हा आपल्या 'गिरि'चा भाऊ आहे, आणि 'त्स्र्ना' ही 'कृष्ण'ची बहीण. म्हणजे त्स्र्ना गोरा हे अक्षरशः 'कृष्णगिरि' आहे. आणि कृष्णगिरि आपल्याकडेही आहे, बोरिवलीला. कान्हेरी लेण्यांचं नाव कृष्णगिरिवरूनच आलं. तिथल्या जुन्या प्राकृत शिलालेखांत जागेला 'कण्हसेल' म्हटलं आहे, म्हणजे कृष्णशैल, काळा डोंगर. पावसाळ्यात ओला झालेला तिथला बेसॉल्ट पाहिला की नाव कसं पडलं ते विचारावं लागत नाही. एड्रियाटिकच्या काठावर आणि मुंबईच्या उपनगरात एकाच जोडीचे दोन शब्द दोन डोंगरांना चिकटून बसले आहेत. कुणी कुणाकडून घेतले नाहीत, दोन्हीकडे डोंगर काळाच दिसला.

९. चेर्नोबिल म्हणजे 'काळं सत्य' किंवा 'काळी घटना', असं वाचलं. बरोबर आहे?

नाही. ते एका झाडाचं नाव आहे. 'चोर्नी' म्हणजे काळं आणि 'बिल' म्हणजे गवताची काडी, देठ. गडद देठाची एक सुगंधी रानवनस्पती तिकडे रस्त्याच्या कडेला उगवते, तिला हे नाव. आपला दवणा तिच्याच प्रजातीतला. ज्योतिबाला वाहतात तो दवणा चुरगळला की जो वास हाताला राहतो, त्याच घराण्यातला वास. गावाचा उल्लेख ११९३ पासून सापडतो, म्हणजे नाव २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटाच्या कितीतरी आधीचं.

स्फोटानंतर बायबलमधल्या एका भविष्यवाणीची चर्चा झाली. आकाशातून एक तारा पडतो, त्याचं नाव कडू दवणा, आणि पाणी विषारी होतं. पण रशियन आणि युक्रेनियन बायबलमध्ये त्या ठिकाणी 'पोलिन' हा शब्द आहे. ती याच प्रजातीतली वेगळी वनस्पती आहे. दोन झुडपांची गल्लत झाली आणि भविष्यवाणी खरी ठरल्याची कथा पसरली.

१०. 'चेर्नोझेम' आणि आपली काळी माती एकच का?

नाव सारखं, माती वेगळी. 'झेम' हे 'झेम्ल्या'चं, म्हणजे जमिनीचं, आखूड रूप. वासिली दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये रशियन चेर्नोझेमवर ग्रंथ लिहिला आणि मृदाशास्त्राचा पाया घातला, म्हणून हा शब्द जगभर गेला. युक्रेन आणि दक्षिण रशियातल्या गवताळ मैदानांत हजारो वर्षं गवत कुजून ती माती काळी झाली. आपली दख्खनची काळी माती बेसॉल्टपासून झाली, ती चिकणमातीची आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिचा काळेपणा मुख्यतः कुजलेल्या गवताचा नाही.

भाषेत मात्र एक जोडी मिळते. आपल्या गावगाड्यात 'काळी' म्हणजे कसायची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची. जुन्या रशियातही काळं-पांढरं असं वाटप होतं, पण वेगळ्या रेषेवर. 'काळी' जमीन आणि 'काळे' लोक म्हणजे सरकारला कर देणारे, 'पांढरी' वस्ती म्हणजे करमाफ. शहरांमधल्या अशा खासगी पांढऱ्या वस्त्या १६४९ च्या कायद्याने रद्द झाल्या.

११. स्लाव्ह लोकांत काळा रंग अशुभच मानतात का?

अशुभ हा एक पदर आहे, पण त्याआधी दुसरा आहे: धुरकट, राबणारा, बिनदिखाऊ. रशियन 'चोर्नी' हा शब्द मला त्या बाजूने जास्त कळतो.

रशियन खेड्यात पूर्वी घराला धुराडं नसे. चूल पेटली की धूर खोलीभर फिरे आणि दारातून किंवा वरच्या भोकातून निघून जाई. भिंतींवर काजळीचा थर साचे. अशा तापवण्याला 'पो-चोर्नोमु', म्हणजे 'काळ्या पद्धतीने', म्हणत. बाष्पस्नानाच्या काही खोल्या आजही अशा तापवतात. आपल्याकडे जुन्या घरांत चुलीमागची भिंत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा काळा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

त्याच घराण्यातला 'चोर्नी खोद', मागचं दार, जिथून नोकर आणि सरपण यायचं. 'चोर्नाया राबोता' म्हणजे अंगमेहनतीचं काम. 'चेर्नोविक' म्हणजे खाडाखोडीचा कच्चा खर्डा, आणि स्वच्छ नक्कल 'बेलोविक', पांढरी. 'चोर्नी ख्लेब' म्हणजे राय धान्याचा गडद, आंबूस पाव. त्यातला बोरोदिन्स्की नावाचा प्रकार तर धणे घालून भाजतात. पहिला घास घेताच मराठी माणसाला ओळखीचं काहीतरी लागतं आणि काय ते क्षणभर कळत नाही. यांतला एकही शब्द अशुभ नाही.

मानाचा अर्थही आहे. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पुरोहितांचे दोन वर्ग असतात. संसारी 'पांढरे' आणि संन्यासी 'काळे'. बिशप होतात ते काळ्यांमधूनच. संन्याशाला 'चेर्नेत्स' म्हणत, त्याच्या वेषावरून.

आणि अशुभ, हो, तेही आहेच. 'काळ्या दिवसासाठी' रशियन माणूस पैसे बाजूला टाकतो, पोलिश माणूस 'काळ्या घटकेसाठी'. सर्बियन लोककाव्यात शोक करणारी बाई स्वतःला 'त्स्र्ना' म्हणते, म्हणजे अभागी. बल्गेरियनमध्ये 'चेर्नोग्लेद', काळं पाहणारा, म्हणजे निराशावादी. 'चेर्नोबोग' या काळ्या देवाची गोष्ट मात्र जपून सांगावी. तो बाराव्या शतकातल्या हेल्मोल्ड या जर्मन पाद्रीच्या इतिवृत्तातूनच माहीत आहे, आणि त्यावर नंतर बरंच काही रचलं गेलं.

१२. क्रोएशियात 'काळी वाइन' मिळते म्हणे. ती कोणती?

आपण जिला रेड वाइन म्हणतो तीच: 'त्स्र्नो व्हिनो'. पेल्यात उजेडासमोर धरली तर लाल, पिंपात किंवा बाटलीत पाहिली तर काळी. क्रोएशियनने दुसरं पाहिलं. बल्गेरियन मात्र लालच म्हणतात.

रंग जोड्यांमध्ये वाटला जातो, हे यातलं तत्त्व. पांढरी वाइन आहे, म्हणून दुसरी काळी. सर्बियनमध्ये कांदा 'त्स्र्नी लुक' आणि लसूण 'बेली लुक'. साल लाल असो की पिवळी, लसणाच्या शेजारी कांदा काळाच. त्याच न्यायाने यकृत 'काळी जिगेरित्सा' आणि फुप्फुस 'पांढरी जिगेरित्सा'. 'जिगेरित्सा' हा तुर्कीमार्गे गेलेला फारसी 'जिगर' आहे, आपल्या जिगरबाज माणसात बसलेला तोच. ही काळी-पांढरी जोडीही तुर्कीत तशीच आहे. बल्गेरियनमध्ये शब्द स्लाव्ह आहेत, 'चेरेन द्रोब' आणि 'ब्याल द्रोब', पण वाटणी तीच.

१३. प्राग आणि वॉर्सामध्ये विनातिकीट प्रवाशाला 'काळा' म्हणतात का?

चेकमध्ये 'चेर्नी पासाझेर' म्हणजे विनातिकीट प्रवासी, आणि 'ना चेर्नो' म्हणजे चोरून, परवानगीशिवाय. पोलिशमध्ये 'ना चार्नो' काम करणं म्हणजे नोंद न करता, कर चुकवून. हा अर्थ जर्मनमधून आला आहे, तिथे 'काळा प्रवास' असाच शब्दप्रयोग आहे. चेकमध्ये जर्मनमधूनच उलट्या चवीचा एक वाक्प्रचारही आला: 'काळ्यात मारणं' म्हणजे अचूक नेम लागणं, कारण निशाणाच्या फळीचा मधला ठिपका काळा असतो.

पोलिश जेवणातला 'काळा' मात्र त्यांचा स्वतःचा. बदकाच्या रक्ताचं 'चेर्निना' नावाचं सूप असतं. पूर्वी मुलीला मागणी घालायला आलेल्या तरुणापुढे हे काळं सूप ठेवलं की त्याने नकार समजून उठायचं. तोंडाने कुणी काही बोलत नसे.

१४. 'चेर्नित्सा' म्हणजे काय? मला प्रत्येक शब्दकोशात वेगळा अर्थ मिळाला.

सगळे बरोबर आहेत. 'काळी' असा अर्थ देणारा प्रत्यय लावला की 'कोण काळी?' हे प्रत्येक भाषा स्वतः ठरवते. जुन्या रशियनमध्ये चेर्नित्सा म्हणजे संन्यासिनी. बल्गेरियनमध्ये तुतीचं झाड. सर्बियन 'त्स्र्नित्सा' म्हणजे काळी सुपीक माती. युक्रेनियनमध्ये तर एका स्वराचा फरक आहे: 'चेर्निट्स्या' संन्यासिनी आणि 'चोर्निट्स्या' रानातलं निळं-काळं छोटं बोर. तेच बोर रशियनमध्ये 'चेर्निका'. भाषांतर करताना वाक्य कुठल्या भाषेतलं आहे हे पाहिल्याशिवाय या शब्दाला हात लावू नका. बागेत उभी असलेली बाई झाड निघू शकते.

१५. पोलिश 'चेर्व्होनी' म्हणजे काळपट का?

लाल. एका अक्षराने फसवणारी ही जोडी आहे. तिचं मूळ 'चेर्व', म्हणजे किडा. एका किड्यापासून पूर्वी लाल रंग काढत, म्हणून किड्याचा रंग तो लाल. युक्रेनियन 'चेर्वोनी', बल्गेरियन 'चेर्वेन', सर्बियन 'त्स्र्व्हेन', सगळे लाल. जून महिन्याला पोलिशमध्ये 'चेर्व्हिएत्स' आणि चेकमध्ये 'चेर्व्हेन' म्हणतात, तोही या किड्यावरून.

या 'चेर्व'चं नातं आपल्या 'कृमि'शी मानतात. आणि आपल्याकडचा 'किरमिजी' रंग? तोही फारसी-अरबी वळणाने त्याच कृमीपासून आलेला. लाल रंगाला किड्याचं नाव देण्याची कल्पना दोन्हीकडे आहे, आणि शब्दही एकाच घरातला.

याच धर्तीवर, रशियन 'चोर्त' (सैतान) हाही 'चोर्नी'पासून आलेला नाही, लोकांना कितीही तसं वाटो. रशियातल्या 'चेर्न्याखोव्स्क' शहराचा काळ्या रंगाशी थेट संबंध नाही. ते १९४६ मध्ये सोव्हिएत सेनानी इवान चेर्न्याखोव्स्की यांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

१६. विशेषण लिंगाप्रमाणे बदलतं का?

बदलतं, आणि मराठी माणसासाठी हा सर्वात सोपा धडा आहे. काळा, काळी, काळं. चोर्नी, चोर्नाया, चोर्नोये. तीनच लिंगं, आपल्यासारखी. हिंदीतून शिकणाऱ्याला नपुंसकलिंग नव्याने समजून घ्यावं लागतं. बल्गेरियनमध्ये एक खाच आहे: पुल्लिंगी 'चेरेन', पण स्त्रीलिंगी 'चेर्ना'. शब्दाच्या शेवटी 'र्न' उच्चारायला जड म्हणून पुल्लिंगात मध्ये एक 'ए' घुसतो, पुढे स्वर आला की निघून जातो.

आडनावंही बदलतात. चेकमधलं 'चेर्नी' हे आपल्या 'काळे'सारखंच अगदी नेहमीचं आडनाव. पण श्री. चेर्नींची पत्नी 'चेर्ना' होते. आपल्याकडे काळे बाई काळेच राहतात.

१७. मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला चालली आहे. तिला कुणी 'चोर्नी' म्हटलं तर काय समजायचं?

केसांबद्दल, डोळ्यांबद्दल, कपड्यांबद्दल म्हटलं तर काहीच नाही. माणसालाच उद्देशून 'चोर्नी' किंवा 'चोर्नाया' म्हटलं तर तो अपमान आहे. आफ्रिकेतले, कॉकेशसमधले, मध्य आशियातले लोक तो तिथे सोसत आले आहेत आणि आपल्या मुलांच्याही वाट्याला तो येतो. 'असंच म्हणतात तिकडे' असं कुणी सांगितलं तर ते मानू नका. सावळ्या वर्णासाठी सभ्य शब्द 'स्मुग्ली' आहे, स्त्रीलिंगात 'स्मुग्लाया'. तो तिने आधीच शिकून ठेवावा.

एक जुनी रशियन म्हणही तिला सांगा: 'आम्ही काळे असताना आमच्यावर माया करा, गोरे असताना तर कोणीही करील.' म्हणीतला काळा हा चेहऱ्याचा नाही, मळलेल्या, अडचणीतल्या माणसाचा आहे. प्रश्न ११ मधल्या चुलीचा तो काळा.

१८. काळ्या घोड्याला 'चोर्नी' म्हटलं तर माझे रशियन शिक्षक चूक काढतात. का?

कारण घोड्याच्या रंगांचे शब्दच वेगळे आहेत, जसे आपल्याकडे अबलख आणि पंचकल्याणी. काळा घोडा 'वोरोनोय', म्हणजे डोमकावळ्याच्या रंगाचा. रशियनमध्ये त्या कावळ्याला 'वोरोन' म्हणतात. स्टालिनच्या काळात रात्री माणसं उचलून नेणाऱ्या गाडीला लोक 'चोर्नी वोरोन' म्हणत, त्यात दोन्ही शब्द एकत्र आले.

सर्बियनमध्ये काळा घोडा 'व्रानात्स'. मॉन्टेनिग्रोतल्या सर्वात प्रसिद्ध द्राक्षाचं आणि त्याच्या वाइनचं नावही व्रानात्स. तेव्हा काळ्या डोंगराच्या देशात काळी वाइन मागवाल तेव्हा बाटलीवर 'त्स्र्न' शोधू नका, काळा घोडा शोधा.